पथ्य आणि परहेज

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांतील मराठी माणूस घरी मराठीत आजारी पडतो आणि दवाखान्यात हिंदीत बरा होतो, असे आम्ही कधी कधी विनोदाने म्हणत असतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आमचा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. परंतु कचेरीची, शाळेच्या परिपत्रकांची आणि डॉक्टरांच्या बोलण्याची भाषा हिंदी होती ती हिंदीच राहिली. त्याबद्दल आमची तक्रार नाही. हिंदी आम्हांला परकी नाही. आमच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच तागडीत तोलल्या जातात. मात्र दोन भाषांच्या उंबरठ्यावर एखादा शब्द अडखळतो आणि प्रसंगी ते अडखळणे माणसाच्या जिवावर बेतते. अशाच एका शब्दाच्या निमित्ताने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

मधुमेहाला आमच्याकडे आता कोणी मधुमेह म्हणत नाही; 'शुगर झाली' असे म्हणतात. गोळ्या पुरेनाशा झाल्या की डॉक्टर एक दिवस इन्सुलिनची सुई लिहून देतात आणि वर बजावतात, "सुई का नागा मत करना, और परहेज रखना." औषधाचे नाव दुकानदार वाचतो, 'परहेज' या शब्दाचा अर्थ मात्र रुग्णाचे घर आपापल्या परीने लावते. बहुतेक घरी तो असा लागतो : साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, फळे बंद, जमल्यास रात्रीचे जेवणही बंद. जितके कमी खाल्ले तितके परहेज कडक, आणि जितके परहेज कडक तितका रोगी शहाणा.

परहेज हा शब्द फारसीतून आला. दूर राहणे, टाळणे हा त्याचा अर्थ. आपला 'पथ्य' हा शब्द 'पथिन्' म्हणजे वाट यापासून झालेला आहे. जे वाटेला धरून आहे, प्रकृतीला मानवते, ते पथ्य. त्यात काय खाऊ नये याच्याआधी काय खावे हे येते. बोलण्याच्या ओघात मराठीनेही पथ्याचा अर्थ आखडून टाकला आहे, हे खरे. 'तेल-तिखटाचे पथ्य आहे' म्हणजे ते वर्ज्य आहे असेच आपण समजतो. तरी 'पथ्यावर पडणे' या वाक्प्रचारात जुना अर्थ अजून शाबूत आहे. जे आपल्या हिताचे ठरते ते पथ्यावर पडते.

शब्दांची ही चिकित्सा केवळ भाषेच्या शिक्षकाची हौस म्हणून आम्ही करीत नाही. नव्याने इन्सुलिन घेऊ लागलेल्या माणसाच्या घरी परहेज आणि पथ्य यांतला फरक हा सुखरूप असण्या-नसण्याचा फरक असतो. सुईत मोजून भरलेले औषध हे पुढे पोटात जाणार असलेल्या अन्नाचा हिशेब धरून ठरवलेले असते. ते शरीरात शिरले की ते आपले काम करणारच. अन्न आले नाही म्हणून ते थांबून राहत नाही. अन्न न मिळाल्यास ते रक्तातील असेल ती साखर उतरवू लागते. म्हणून जेवणाशी बांधलेले इन्सुलिन टोचून घेतल्यावर न खाणे हे कडक पथ्य नव्हे, ते कुपथ्य होय.

इन्सुलिन नव्हते तेव्हा मात्र परहेज हाच एक उपाय होता, हे येथे सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवीत आणि त्या उपासमारीने त्यांचे आयुष्य काही महिन्यांनी, क्वचित वर्षादोन वर्षांनी वाढे. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज ही त्यांच्याच उपचाराखाली होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला नेले तेव्हा पंधराव्या वर्षी तिचे वजन अवघे वीस किलोच्या आसपास होते. टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली इन्सुलिन हाती आणले होते. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेच्या आधारे जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. पहिली सुई फारशी लागू पडली नाही. बारा दिवसांनी कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेल्या अर्काने काम केले. एलिझाबेथ त्यानंतर पोटभर जेवू लागली, शिकली, संसार केला आणि १९८१ पर्यंत जगली.

औषध मिळाले, पण किती अन्नास किती औषध हा हिशेब नंतर बसवावा लागला. त्यात आम्हांस सर्वांत जवळचे वाटतात ते लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स. ते स्वतः मधुमेही होते. आता फार दिवस उरले नाहीत असे समजून ते इटलीतील फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ साली तेथे त्यांना इन्सुलिन मिळू लागल्याची वार्ता कळली आणि ते लंडनला परतले. पुढे त्यांनी आहार मोजण्याची सोपी रीत बसवली : पिष्टमय अन्नाचे ठरावीक माप आणि त्याच्या जोडीला इतर अन्नाचे ठरावीक माप अशा ओळी आखून दिल्या आणि कोणी दिवसाला किती ओळी खावयाच्या ते नेमून दिले. एका ओळीतला पदार्थ बदलता येई, माप बदलता येत नसे. आज मापे बदलली, औषधे सुधारली. तत्त्व तेच आहे. हे पथ्य आहे, परहेज नाही.

इन्सुलिन नेमके केव्हा काम करते हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असावे. साधे, पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे इन्सुलिन अर्ध्या तासात काम सुरू करते, दोन ते चार तासांत त्याचा जोर असतो आणि सहा-आठ तासांत ते ओसरते. म्हणून ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावयाचे. दुधाळ दिसणारे इन्सुलिन सावकाश चढते आणि चार ते दहा-बारा तासांच्या दरम्यान त्याचा जोर असतो. आमच्याकडे पुष्कळांना या दोहोंचे तीस-सत्तर मिश्रण सकाळी न्याहारीपूर्वी आणि रात्री जेवणापूर्वी असे दोनदा देतात. यातली मेख अशी, की सकाळच्या सुईतील सत्तर भाग हे दुपारच्या जेवणाच्या नावाचे असतात. दुपारी वेगळी सुई नसते म्हणून दुपारचे जेवण चुकले तरी चालेल असे रुग्णास वाटते, आणि नेमके तेच चालत नाही. रात्रीच्या सुईचा जोरही मध्यरात्रीनंतर असतो. काही आधुनिक इन्सुलिने दिवसभर एकसारखी मंद चालतात, काही ताट समोर आल्यावर घेतली तरी चालतात. आपल्या शिशीत यांपैकी कोणते आहे हे विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आता ताटाकडे वळू. 'भाकरीने शुगर वाढत नाही, पोळीने वाढते' हा आमच्या भागातील ठाम सिद्धान्त आहे. ज्वारी काय, गहू काय, दोहोंच्या पिठात दोन-तृतीयांशांच्या आसपास पिष्टच असते. तांदळात त्याहून थोडे अधिक. भाकरीतला कोंडा आणि तिचा जडपणा यांमुळे ती सावकाश पचते, खाणारा एकीवर थांबतो, हा तिचा गुण आहे. परंतु पोळीच्या जागी दोन थोरल्या भाकरी खाणाऱ्याने आपण पथ्यात आहोत असे समजू नये. तीच गोष्ट गुळाची. गूळ घरचा असला, सेंद्रिय असला, तरी रक्तात तो साखरच होतो. तुरीचे वरण, चण्याचा झुणका, अंबाडीची भाजी, ताक, मेथी आणि वांगे ही आमच्या स्वयंपाकातील खरी पथ्यकर दौलत आहे. एका भाकरीबरोबर वाटीभर घट्ट वरण आणि वाटीभर भाजी असली तर तीच भाकरी रक्तात हळूहळू उतरते. आमच्या घरांत वरण भातावर ओतण्यापुरते पातळ करतात आणि भाजी तोंडी लावण्यापुरती वाढतात. पथ्य करावयाचे तर पदार्थ बदलण्यापेक्षा हे प्रमाण बदलावे, असे आमचे मत आहे.

संत्र्याबद्दल दोन शब्द वेगळे लिहिले नाहीत तर पांढुर्ण्याचे वाचक आम्हांला माफ करणार नाहीत. आंबिया बहार ऑक्टोबरपासून उतरतो आणि मृग बहार फेब्रुवारीपासून, म्हणजे वर्षातले बरेच महिने घरात संत्र्यांच्या टोपल्या असतात आणि शुगरवाल्या आजोबांच्या हातून फोडी काढून घेण्याचा उद्योग सुरू असतो. एका मध्यम संत्र्यात दहा ते पंधरा ग्रॅम शर्करा असते. चोथ्यासह खाल्लेले एक संत्रे हिशेबात धरून बहुतेकांना खाता येते. रसाचे तसे नाही. पेलाभर रसासाठी तीन-चार संत्री पिळली जातात, चोथा गाळून टाकला जातो आणि साखर तत्काळ रक्तात जाते. म्हणून रस हा एरवी टाळावा. परंतु साखर घसरली असता अर्धा-पाऊण पेला संत्र्याच्या रसासारखे जवळचे औषध नाही. एकच फळ, एका वेळी अन्न, एका वेळी अपथ्य आणि एका वेळी औषध!

ही साखर घसरणे म्हणजे काय, हे इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरात लहान मुलालाही सांगून ठेवावे. रक्तशर्करा सत्तरच्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, भुकेने जीव कासावीस होतो, माणूस विनाकारण चिडतो; आणखी उतरली की बोलणे बरळल्यासारखे होते, पाय लटपटतात, शुद्ध जाऊ लागते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, वर आली नसेल तर पुन्हा तितकीच द्यावी आणि नंतर काही तरी जेवण द्यावे. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा रक्तात जाते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्यास सरळ दवाखान्यात न्यावे.

हे सारे ज्ञान एरवी सोपे. त्याची खरी परीक्षा भाद्रपदाच्या तोंडावर होते. आमच्याकडील पंचांग पाहा. श्रावणी अमावास्येला पोळा, घरोघरी पुरणाची पोळी आणि तिच्यावर तुपाची धार. दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार. त्या दिवशी माणसे दिवसभर काठावर उभी. तृतीयेला हरतालिका, बायकांचा निर्जळी उपास. चतुर्थीला मोदक. पंचमीला ऋषीची भाजी आणि बैलाच्या श्रमाचे धान्य न खाण्याची रीत. आणि दोन-तीन दिवस जातात न जातात तोच महालक्ष्म्या येतात, ज्यांना पुण्याकडे गौरी म्हणतात. सोळा भाज्या, आंबील, पुरण आणि नैवेद्य झाल्यावाचून कोणाच्या ताटात काही पडत नाही. आठ-नऊ दिवसांत पोट इतक्या टोकांना जाते आणि शिशीवरचा आकडा तेवढा रोज तोच असतो.

सौंसर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका घरातील गोष्ट आहे. सासूबाई साठीच्या, इन्सुलिन सुरू होऊन दोन महिने झालेले. हरतालिकेचे व्रत लग्नापासून कधी चुकले नव्हते. डॉक्टरांनी नागा करू नका म्हटले होते, म्हणून पहाटे उठून त्यांनी सुई नेमाने घेतली. आणि व्रत होते, म्हणून पाण्याचा थेंबही घेतला नाही. दोन्ही आज्ञा त्यांनी पाळल्या. दहाच्या सुमारास त्यांना घाम येऊ लागला, तो उकाड्याचा समजला गेला. मग त्या नातवावर ओरडल्या, तो उपासाचा राग समजला गेला. दुपारी शेजारणी वाळूच्या महादेवाची पूजा मांडून कहाणी ऐकावयास बसल्या असता त्या मध्येच असंबद्ध बोलू लागल्या, तेव्हा एकीने हात जोडले. अंगात आले असावे असे तिला वाटले. शेजारची एक मुलगी छिंदवाड्याला नर्सिंग शिकत होती, ती सुटीवर आलेली. तिने घरातले यंत्र मागवून बोटाला सुई टोचली. आकडा त्रेचाळीस निघाला. "आई, एवढे पाणी घ्या," असे म्हणत सुनेने साखरेचे पाणी तोंडाशी धरले, तर सासूबाई ओठ मिटून मान फिरवीत होत्या. गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून निभावले. दोन वेळा पाणी दिल्यावर त्या भानावर आल्या आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे : "व्रत मोडले गं माझे."

पुढे कित्येक दिवस साखर घसरल्यापेक्षा व्रत मोडल्याचेच दुःख त्यांना अधिक होते. त्यांचे थोरले दीर जुन्या वळणाचे, संस्कृत जाणणारे. त्यांनी समजूत घातली ती आम्हांला फार आवडली. पाणी, कंदमुळे, फळ, दूध, औषध इत्यादी आठ गोष्टींनी व्रत भंगत नाही असे जुन्यांचे वचन आहे. त्यांपैकी औषध तुझ्या सुनेने दिले, एवढेच झाले, असे ते म्हणाले. त्यानंतरच्या वर्षी त्या आठ दिवस आधी डॉक्टरांकडे गेल्या, उपासाचे सांगितले, डॉक्टरांनी निर्जळीस साफ नकार दिला, त्या दिवसापुरते औषधाचे प्रमाण बदलून दिले आणि दूध, फळ, भाजलेले शेंगदाणे, थोडी भगर असे चार वेळचे खाणे लिहून दिले. पूजा पूर्वीसारखीच झाली.

उपासाच्या पदार्थांबद्दल जाता जाता सांगावयाचे, की साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. निराहार राहून साखर घसरवावयाची आणि मग खिचडीने एकदम चढवावयाची, असा दुहेरी फटका एकादशीला पुष्कळांना बसतो. महालक्ष्म्यांच्या दिवशी संकट वेगळे. अकरा वाजता घरून सुई घेऊन निघालेला पाहुणा दोन वाजेपर्यंत आरतीला टाळ्या वाजवीत बसतो आणि यजमानास सांगावयास लाजतो. अशा वेळी सुई बरोबर न्यावी, पान वाढले जाण्याची वेळ नक्की झाल्यावर घ्यावी, आणि घेऊन चुकलो असू तर सरळ स्वयंपाकघरात जाऊन भाकरीचा तुकडा मागावा. अन्नपूर्णा रागावत नाही. यजमानिणीनेही 'माझ्यासाठी अर्धी पुरणपोळी' हा आग्रह आवरावा. अर्धी पोळी आधी सांगून, भाताच्या ऐवजी घेतली तर खपते. पोटभर जेवणावर लादलेली अर्धी पोळी हिशेबाबाहेरची असते.

गोटमारीच्या गर्दीत तर झोकांड्या खाणारा माणूस प्यालेलाच समजला जातो, आणि लोक त्यास कडेला बसवून निघून जातात. साखर घसरलेला माणूस हुबेहूब तसाच दिसतो. मद्य घेतले असेल तर साखर अधिकच घसरते, हेही ध्यानात ठेवावे. इन्सुलिन घेणाऱ्याच्या खिशात साखरेची पुडी आणि आपल्याला शुगर आहे हे लिहिलेला कागद असावा, तो हिंदीत आणि मराठीत दोन्हींत असावा.

कष्टाचाही हिशेब असतो. संत्र्याची तोडणी, कपाशीची वेचणी, डवरणी ही कामे रक्तातील साखर खातात, आणि काम संपल्यावरही काही तास खात राहतात. नांगरापाठी चालणाऱ्याने मांडीत सुई घेतली तर औषध अधिक वेगाने चढते. त्या दिवशी पोटावर घ्यावी. 'कष्टकऱ्याला शुगर होत नाही' हा समजही टाकून द्यावा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय माणूस दिसावयास सडपातळ असूनही अंगात मेद बाळगतो हे दाखवून दिले. २००४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि लंडनच्या डॉ. यूडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३, परंतु शरीरातील मेद यूडकिन यांचा ९.१ टक्के तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. आमच्या शिवारातील वाळक्या अंगाच्या शेतकऱ्याला शुगर निघाली म्हणजे घरचे लोक तपासणीच चुकली म्हणतात, त्यांना हे छायाचित्र दाखवावे.

पांढुर्ण्याहून नागपूरकडे निघालेली गाडी नरखेडनंतर काटोलला येते. त्या काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार आपल्या व्याख्यानांतून मांडला होता. २००४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार महाराष्ट्रभर नेला आणि नागपूरच्या सोयऱ्यांमार्फत तो आमच्या सीमेवर पोहोचला. पुष्कळांची वजने त्याने उतरली, हे आम्ही पाहिले आहे. परंतु ज्याचे इन्सुलिन तीन वेळच्या खाण्यावर बेतलेले आहे त्याने सोयऱ्याच्या सांगण्यावरून दोन वेळा जेवू लागणे आणि सुईचा आकडा तोच ठेवणे म्हणजे हरतालिकेचा प्रसंग रोज ओढवून घेणे आहे. आधी डॉक्टर, मग आहारातील बदल, हा क्रम सोडू नये. उलट ताप-ओकारीच्या दिवसांत, 'आज खाल्लेच नाही' म्हणून स्वतःच्या मनाने सुई अजिबात बंद करणेही तितकेच घातक. आजारपणात साखर न खाताही चढते. तेव्हा वरचेवर तपासावे, पेज, ताक, पाणी घेत राहावे आणि डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

शिक्षकी पेशामुळे असेल, पण आम्हांला यात सर्वांत मोलाची वाटते ती वही. शाळेच्या हजेरीपटासारखी ती रोज भरली पाहिजे. वेळ, साखरेचा आकडा, सुईचे एकक, काय व किती खाल्ले, कोणते काम केले, इतके रकाने पुरतात. एखादा पदार्थ आपणास मानवतो की नाही हे शेजाऱ्याला विचारू नये. खाण्यापूर्वी आणि दोन तासांनी तपासावे. दोन आठवड्यांची वही समोर ठेवली म्हणजे डॉक्टरांचे हिंदी आणि आपले मराठी यांच्यामध्ये आकडे दुभाषाचे काम करतात. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असे लक्ष्य देतात. वृद्धांसाठी ते सैल ठेवतात. सकाळचा आकडा वाढलेला दिसला म्हणून रात्रीची सुई आपण होऊन वाढवू नये. कधी कधी पहाटे शरीर आपण होऊनच साखर वाढवते, कधी रात्रीचे खाणे कारण असते. मध्यरात्रीनंतर एक-दोनदा तपासल्यावाचून ते कळत नाही.

एका गणिताची मात्र सर्वांनी नीट उजळणी करावी. आपल्या देशात इन्सुलिनच्या शिशा बहुधा एका मिलिलीटरला ४० एककांच्या असतात, परंतु १०० एककांचेही इन्सुलिन मिळते. पिचकाऱ्याही दोन प्रकारच्या : लाल टोपीची ४० ची, नारिंगी टोपीची १०० ची. ४० च्या शिशीतून १०० च्या पिचकारीने वीस खुणेपर्यंत ओढले तर अंगात आठच एकके जातात आणि साखर का उतरत नाही ते कळत नाही. उलट १०० चे इन्सुलिन ४० च्या पिचकारीने वीस खुणेपर्यंत ओढले तर वीसच्या जागी पन्नास जातात! दुकानदाराने दुसरी पिचकारी दिली तर आनंदाने परत करावी. शिशीवरचा आकडा आणि पिचकारीवरचा आकडा एकच आहे ना, हे सातवीतल्या नातवाकडून रोज वाचून घ्यावे. त्याचेही वाचन सुधारेल.

राहता राहिला उन्हाळा. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाकडे झुकतो, वीज जाते आणि लग्नेही तेव्हाच निघतात. न फोडलेली शिशी शीतकपाटात दोन ते आठ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी होते. चालू शिशी घरातील गार जागी साधारण चार आठवडे टिकते, पण आमच्या मे महिन्यात गार जागा म्हणजे कोणती? ज्यांच्याकडे शीतकपाट नाही त्यांनी एक लहान मडके मोठ्या मडक्यात ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी, ती सकाळ-संध्याकाळ भिजवावी, शिशी कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके झाकावे. वऱ्हाडाबरोबर नागपूरला जाताना शिशी मोटारीच्या पुढच्या कप्प्यात किंवा सामानाच्या टपावर न ठेवता पाण्याच्या गार बाटलीशेजारी कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत घ्यावी. आणि त्याच पिशवीत एक भाकरी, थोडा झुणका व साखरेची पुडी असावी, कारण लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत काहीही छापलेला असो, पंगत केव्हा बसेल हे सांगता येत नाही.